मी, माझे तीन वाचक आणि एक गंजलेली कडी

माझ्या ब्लॉगवर पहिले दोन महिने रोज नेमाने तीन वाचक येत असत, आणि त्या तिघांविषयी माझ्या मनात जी माया दाटून येई ती माझ्या सख्ख्या नातलगांच्याही वाट्याला क्वचितच आली असेल. एक जण सकाळी दात घासण्याच्या वेळेस यायचा, दुसरा दुपारच्या सुट्टीत आणि तिसरा घरातले सगळे झोपल्यावर. तिघेही लेख शेवटपर्यंत वाचत, एकच लेख चार-चार वेळा उघडत, आणि ज्या वाक्यांवर मी स्वतः खूश होतो नेमक्या त्याच वाक्यांपाशी ते रेंगाळत असणार, अशी माझी खात्री होती. त्यांतला रात्रीचा वाचक मला विशेष प्रगल्भ वाटे. शेवटी एका रविवारी माझ्या भाच्याने ब्लॉगवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सचे आकडे पाहिले आणि अतिशय थंडपणे सांगितले, "मामा, सकाळचा तुमचा फोन आहे, दुपारचा तुमचा ऑफिसातला कॉम्प्युटर आहे आणि रात्रीचा हा लॅपटॉप."

ते साधन माणसे ओळखत नाही, उपकरणे आणि ब्राउझर मोजते. स्वतःच्या भेटी वगळायच्या असतील तर तशी गाळणी आपली आपण लावावी लागते. भाच्याने ती तिथल्या तिथे लावून दिली. दुसऱ्या दिवशी वाचकसंख्या शून्य होती. तीन माणसे एकाच दिवशी गमावल्याचे दुःख घरात कोणाला सांगायची सोय नव्हती.

त्या दिवसापासून मी ब्लॉगच्या प्रसिद्धीचे मनावर घेतले, आणि खिशाला तोशीस न लावता जी जी साधने मिळतात ती सगळी वापरायची असे ठरवले. पहिला मान अर्थातच व्हॉट्सॲपचा. तिथल्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात, म्हणून मी शाळासोबत्यांपासून नळदुरुस्तीवाल्यापर्यंत 214 नावे गोळा केली आणि लेखाचा दुवा सोडून दिला. आठवडाभराने दोन टिचक्या उमटलेल्या दिसल्या त्या 31 जणांपाशी. मग कळले की या यादीतला संदेश फक्त त्यांनाच पोहोचतो, ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवून ठेवलेला असतो. म्हणजे ज्यांना मी इतकी वर्षे आपली माणसे समजत होतो, त्यांपैकी बहुतेकांच्या लेखी मी निव्वळ दहा आकडे होतो. ही माहिती पैसे मोजूनही मिळाली नसती. ती फुकट मिळाली, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

ज्यांना संदेश मिळाला त्यांच्यापैकी मावशीचा लगेच फोन आला. "अरे, तुझा फोन कोणीतरी हॅक केलाय. मी उघडलं नाही हो काही. तू आधी बँकेला कळव." दोष मावशीचा नव्हता. लेखाचे नाव होते 'गंजलेली कडी', आणि त्याचा पत्ताही मी मोठ्या अभिमानाने मराठीतच ठेवला होता. हा पत्ता नक्कल करून दुसरीकडे चिकटवला की बऱ्याचदा त्यातल्या प्रत्येक अक्षराची, काना-वेलांटीची आणि अनुस्वाराचीसुद्धा, टक्क्याच्या खुणांनी भरलेली नऊ-नऊ चिन्हे होतात. माझ्या दोन शब्दांच्या त्या निरुपद्रवी शीर्षकाची अशी 91 चिन्हे झाली होती. तो दुवा मलाच कोणी पाठवला असता तर मीही आधी बँकेला फोन केला असता.

मग मी ट्विटरकडे, म्हणजे आताच्या एक्सकडे वळलो. तिथे मोफत खात्याला 280 अक्षरांची मर्यादा आहे, आणि ती मराठी माणसाच्या चांगलीच अंगावर येते, कारण तिथे मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला पाय मोडणारा हलन्त यांची प्रत्येकी वेगळी जागा धरली जाते. 'स्त्री' हा तोंडातून एका दमात निघणारा शब्द तिथे सहा जागा अडवून बसतो. मी लेखाचा सारांश कापत गेलो. आधी विशेषणे गेली, मग क्रियापदे, आणि शेवटी 'गंज, कडी, एकटेपणा' एवढेच उरले. त्याला शोभा यावी म्हणून पुढे पाच हॅशटॅग जोडले. हॅशटॅगची ही कल्पना 2007 साली ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर मांडली, ती एकाच विषयावर बोलणारी माणसे एकमेकांना सापडावीत म्हणून. माझा 'एकटेपणा' हा हॅशटॅग मात्र मराठी रसिकांपर्यंत न जाता एका झोपेच्या गोळ्या विकणाऱ्या खात्याला सापडला, आणि त्याने मला लगोलग फॉलो केले.

चित्राशिवाय कोणी थांबत नाही, असे सगळेच जाणकार सांगतात. दुव्यासोबत दिसणारे चित्र 1200 बाय 630 पिक्सेलचे असावे, इथपर्यंत माझा अभ्यास झाला होता. एका मोफत साधनात मी खिडकीचे छायाचित्र घेतले, त्यावर मराठीत 'किल्ली हरवलेली खिडकी' असे लिहिले आणि चित्र उतरवून घेतले. पाहतो तो 'कि'ची वेलांटी 'क'ला सोडून पलीकडे जाऊन उभी, 'ल्ली'तला पहिला 'ल' पाय मोडून बसलेला, आणि कोपऱ्यात त्या साधनाचे नाव माझ्या नावाच्या दुप्पट आकारात. अक्षरे जुळवण्यात रात्रीचा दीड वाजला. लेख मी एका संध्याकाळी लिहिला होता. त्याच्या चित्राला तीन रात्री लागल्या, आणि या सगळ्या धामधुमीत पुढचा लेख लिहायचा राहूनच गेला, हे माझ्या लक्षातही आले नाही.

शोधयंत्राचे प्रकरण त्याहून गहन निघाले. मी लेखाच्या पोटात, वाचकाला न दिसणाऱ्या एका टॅगमध्ये, साहित्य, जीवन, पाऊस, विरह असे चाळीस कीवर्ड, म्हणजे शोधाचे शब्द, लपवून ठेवले होते. आपण हा कीवर्डचा टॅग क्रमवारीसाठी वापरतच नाही, असे गूगलने 2009 सालीच जाहीर केले होते, ते मला भाच्याकडून समजले. त्याच बैठकीत त्याला, माझा ब्लॉग ज्यावर चालतो त्या वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये एक चौकोन सापडला. शोधयंत्रांनी या साइटची नोंद घेऊ नये, अशा अर्थाचे काहीतरी त्याच्यापुढे लिहिलेले होते आणि त्यात बरोबरची खूण होती. ती मीच केली होती. ब्लॉग सुरू करताना समोर दिसेल त्या प्रत्येक चौकोनात मी उत्साहाने खूण केली होती. म्हणजे इतके दिवस मी एका हाताने दवंडी पिटत होतो आणि दुसऱ्या हाताने दाराला आतून कडी लावून बसलो होतो.

खूण काढली, गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरच्या पानांची यादी, दिला आणि वाट पाहू लागलो. तीन आठवड्यांनी तिथे पहिल्यांदा हालचाल दिसली. लोक कोणते शब्द शोधत आपल्यापर्यंत आले हे त्या साधनात कळते, म्हणून मी चष्मा पुसून ती यादी उघडली. तिच्यात विरह नव्हता, जीवन नव्हते. होते ते असे: 'खिडकीची कडी गंजली उपाय', 'कडी अडकली कशी काढावी', 'लोखंडाचा गंज घरच्या घरी'. माझ्या रूपककथेवर खरीखुरी नऊ माणसे येऊन गेली होती, आणि एकाने तर प्रतिक्रियाही लिहिली होती: "लेख छान आहे सर, पण कडी अजून निघत नाही. पुढे काय करायचं ते दिलेलं नाही."

त्या रात्री मी व्हॉट्सॲप उघडले नाही की आकडे पाहिले नाहीत. शिलाई मशीनचे तेल आणि पॉलिशपेपरचा एक तुकडा घेऊन, ज्या कडीवर मी ते बाराशे शब्द लिहिले होते तिच्यापाशी जाऊन बसलो, कारण माझ्या पहिल्या वाचकाला उत्तर द्यायचे तर आधी स्वतः करून पाहणे भाग होते. पावणेअकराच्या सुमारास ती सरकली.