झाडाची जखम भरत नाही, झाड ती कोंडते

झाडांची निगा कशी राखावी हे सांगणारा एक संदेश सध्या हातोहात फिरतो आहे. त्यात चार सूचना आहेत. फांदी खोडाला भिडवून सपाट कापावी. घाव लवकर भरावा म्हणून त्यावर डांबर किंवा ऑइलपेंट फासावा. खोडात ढोली असेल तर ती खरवडून सिमेंटने बुजवावी. आणि झाड वादळात पडू नये म्हणून त्याचा शेंडा उतरवावा. या सूचना कोणी खोडसाळपणे रचलेल्या नाहीत. एकेकाळी जाणकार माणसेही हेच शिकवीत असत. तरीही चारही चुकीच्या आहेत, आणि पहिल्या तीन तर एकाच गैरसमजातून आल्या आहेत: माणसाच्या कातडीप्रमाणे झाडाचा घावही भरून येतो, हा तो गैरसमज.

आपल्या जखमेत जुन्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. झाडाला ही सोय नाही. एकदा इजा झालेले लाकूड कधीच पूर्ववत होत नाही. झाड त्याभोवती अडसर उभे करून कूज आतल्या आत कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवत जाते. अमेरिकी वनसेवेतील ॲलेक्स शायगो यांनी असंख्य खोडे उभी चिरून ही प्रक्रिया उलगडली आणि १९७७ मध्ये तिची चार भिंतींची मांडणी प्रसिद्ध केली. पहिली भिंत कुजेला खोडातून वर-खाली पसरू देत नाही, दुसरी गाभ्याकडे आणि तिसरी बाजूंना. चौथी भिंत इजा झाल्यानंतर सालीखालचा वर्धनशील थर नव्याने तयार करतो, आणि चौघींत तीच सर्वांत भक्कम असते. पहिली सर्वांत कच्ची; म्हणूनच खोडातील कूज आडवी कमी आणि उभी जास्त पसरलेली आढळते.

आता ‘सपाट कापा’ या सूचनेकडे पाहू. फांदी जिथे खोडातून फुटते तिथे बुडाशी एक फुगीर वळी असते आणि वरच्या बाजूला, बेचक्यात, सालीची उंचावलेली रेघ दिसते. वळी ही फांदीची नसून खोडाची असते, आणि फांदी मेली किंवा तुटली तर कुजेला खोडात शिरण्यापासून अडवणारा पट्टा तिच्याच आत असतो. सपाट काप घेतला की ही वळी जाते, घाव मोठा होतो आणि खोडाचे स्वतःचे लाकूड उघडे पडते. मग सपाट कापाचा आग्रह इतकी वर्षे का टिकला? अशा कापाच्या दोन्ही कडांना नव्या सालीचे जाड ओठ फार जोमाने येतात आणि पाहणाऱ्याला वाटते की जखम झपाट्याने भरते आहे. आत काय चालले आहे ते खोड चिरल्याशिवाय दिसत नाही. बरोबर कापाची खूण मात्र बाहेरूनच ओळखता येते. पुढच्या हंगामात घावाभोवती नव्या सालीचे पूर्ण कडे आले, तर काप योग्य जागी पडला. ओठ फक्त बाजूंना आले आणि वर-खाली जागा उघडी राहिली, तर करवत जास्त आत गेली.

जड फांदी एकाच कापात उतरवू नये. खोडापासून साधारण ३० सेंटिमीटरवर आधी खालून चतुर्थांश जाडीपर्यंत काप द्यावा, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी पाडावी. म्हणजे ती पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. उरलेला खुंट वळीच्या लगेच बाहेरून, वळीला धक्का न लावता काढावा. खुंट लांब ठेवणेही चूकच, कारण तो वाळून कुजतो आणि घाव वर्षानुवर्षे मिटत नाही.

डांबर आणि पेंटबद्दल थोडक्यात सांगता येते. शायगो व सहकाऱ्यांनी रेड मेपल आणि अमेरिकन एल्म या झाडांच्या घावांना निरनिराळे लेप लावून पाच वर्षांनी खोडे तपासली, तेव्हा कोणत्याही लेपाने कूज रोखलेली आढळली नाही. लेप उन्हाने तडकतो, भेगांतून पाणी आत जाते आणि लेपाखाली ओल टिकून राहते. ओंडक्याच्या टोकांना रंग लावतात आणि त्याचा उपयोग होतो हे खरे आहे, पण तिथे मेलेले लाकूड टोकांकडून भराभर वाळून चिरू नये, एवढाच हेतू असतो. अपवाद एक सांगायला हवा. अमेरिकेत ओक झाडांना मारणाऱ्या ‘ओक विल्ट’ बुरशीचा प्रसार ताज्या घावांकडे येणारे भुंगेरे करतात, म्हणून त्यांच्या वावराच्या काळात ओक कापावाच लागला तर घाव तात्काळ रंगवतात. तो रंग किड्याला दूर ठेवण्यासाठी असतो, घाव भरण्यासाठी नव्हे.

सिमेंटची सूचना मला सर्वांत घातक वाटते. ढोली खरवडताना नेमकी चौथी भिंत फुटते आणि कोंडलेली कूज निरोगी लाकडात शिरते. शिवाय खोड वाऱ्यात वाकते, सिमेंट वाकत नाही. दोन्ही एकमेकांवर घासतात आणि सांध्यात पाणी साचते. पुढे कधी ते झाड कापावे लागले तर करवतीच्या साखळीचे काय होईल, ते कापणाऱ्याला विचारावे. मुळात पोकळ खोड म्हणजे दुबळे खोड, असेही सरसकट नाही. गोल खोडाच्या मध्यभागी व्यासाच्या निम्मी पोकळी असेल, तर गणिताने वाकण्याविरुद्धची ताकद सुमारे ६ टक्केच घटते. पोकळी व्यासाच्या ७० टक्के झाली की घट २४ टक्क्यांवर जाते आणि त्यापुढे झपाट्याने वाढते. ढोली एका बाजूला मोठी उघडी असेल तर हे गणित लागू पडत नाही. त्यामुळे ढोली बुजवण्यापेक्षा तिच्याभोवती निरोगी लाकूड किती उरले आहे, हे जाणत्याकडून तपासून घ्यावे.

शेंडा उतरवल्यावर सुरुवातीला वाऱ्याचा भार कमी होतो, हे मान्य. पण एकाच वेळी बरीच पाने गेल्याने झाडाची उपासमार होते, सावलीतली साल एकदम उन्हात येऊन भाजते आणि खुंटांवर धुमाऱ्यांचे झुपके फुटतात. हे धुमारे फक्त बाहेरच्या थरांना धरून असतात. काही वर्षांत ते झाडाला पूर्वीच्या उंचीवर नेतात, तोवर खालचा खुंट कुजलेला असतो, आणि मग वादळात तेच आधी निखळतात. उंची खरोखरच कमी करायची असेल तर प्रत्येक फांदी तिच्या जाडीच्या किमान एक तृतीयांश जाडीच्या उपफांदीपर्यंत मागे घ्यावी आणि एका वेळी पानांचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग काढू नये. शेंडा आधीच उतरवलेला असेल, तर प्रत्येक खुंटावरचा एखाद-दुसरा जोमदार, नीट धरलेला धुमारा राखावा आणि बाकीचे काही वर्षांच्या अंतराने विरळ करत जावे. सगळे एकदम काढले तर तेवढेच पुन्हा फुटतात.