मंडईला जाताना गाणी विकतचीच न्या

भाऊबीज उलटली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई (भाजीची नव्हे, जत्रेसारखी) भरू लागते, आणि मंडईच्या निमित्ताने पुणे, सुरत, हैदराबाद असं पांगलेलं सगळं गोत मोठ्या बाबांच्या घरी येऊन पडतं. लेकी, जावई, जावयांचे भाऊ, आणि एखादा असाही पाहुणा, जो नेमका कोणाचा हे तो परत जाईपर्यंत कळत नाही. हलकं धान कापून झालेलं, भारी धान अजून बांधीत उभं, म्हणजे माणसांना थोडी उसंत. दिवसा खायचं, रात्री नाटक पाहायचं आणि मधल्या वेळात एकमेकांचे पगार किती ते काढून घ्यायचं. या मधल्या वेळासाठी घरात गाणी लागतात. तुम्ही शहरातून येताय, घरातला सगळ्यात महाग फोन तुमचा, तेव्हा ही जबाबदारी तुमचीच.

माझा सल्ला ऐका. गाणी विकतचीच न्या.

चोरीच्या गाण्यांत मोठा दोष असा, की ती लगेच वाजतात. पुतण्या तालुक्याच्या मोबाईल शॉपीतून मेमरी कार्ड भरून आणतो. ते फोनमध्ये चालतं, ट्रॅक्टरच्या डेकमध्ये चालतं, मोठ्या आईच्या भजनाच्या डब्यात चालतं, आणि खिशातून धुवायला गेलं तरी उन्हात वाळवल्यावर चालतं. कोणी पासवर्ड विचारत नाही. असल्या संगीतातून पोरांवर काय संस्कार होणार? विकतच्या गाण्याला शिस्त असते. तुम्ही कोण, पैसे कधीपर्यंतचे भरलेत, हा फोन तुमचाच कशावरून, हे सगळं विचारल्याशिवाय ते तोंड उघडत नाही. गावात नव्या पाहुण्याचीही एवढीच चौकशी होते, पण त्याला आधी चहा मिळतो.

सुरुवात गाण्यांच्या अॅपच्या फॅमिली प्लॅनपासून करा. एकट्यापुरती वर्गणी भरणं आपल्या घराण्याला शोभत नाही. अशा प्लॅनमध्ये सहा जण बसतात. अट एवढीच, की सहाही जण एकाच पत्त्यावर राहणारे हवेत. यूट्यूबच्या प्लॅनमध्ये एक कर्ता आणि पाच सभासद, आणि सगळे एका घरात राहतात का याची तपासणी दर ३० दिवसांनी परस्पर होते. आता आपल्याकडचं कुटुंब बघा. आजोबांच्या पश्चात सातबाऱ्यावर इतकी नावं चढलीत की तलाठ्याला कागद कमी पडतो. वाटणी झालेली नाही, होण्याची चिन्हं नाहीत. देवघर एक, कुलदैवत एक, भांडणाचा विषयही पिढ्यान्‌पिढ्या एकच. तरी कंपनीच्या हिशेबी हे कुटुंब नव्हे, कारण धाकटा हिंजवडीला राहतो. तिथे त्याच्याबरोबर फ्लॅटमध्ये जी पोरं राहतात, त्यांना एकमेकांची आडनावंसुद्धा धड माहीत नाहीत, पण पत्त्यापुरती ती सख्खी भावंडं ठरतात.

ही अडचण सुटण्यासारखी आहे. सगळ्यांनी नोकऱ्या सोडून गावी येऊन राहावं. मोठ्या बाबांची ही इच्छा जुनीच आहे, आता कंपनीचाही तोच आग्रह आहे असं त्यांना सांगितलंत तर म्हातारा हरखून जाईल. एवढं जमत नसेल तर सगळ्यांनी गावच्याच घराचा पत्ता टाकावा. मात्र अॅपला 'हनुमान मंदिराच्या मागे, आटाचक्कीजवळ' हे पटत नाही, त्याला नकाशावर टाचणी लागते. टाचणी मारली की आपलं घर मामा तलावाच्या (म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावाच्या) मधोमध निघतं. तिथे सहा जण राहतात यावर सही ठोकायची तयारी ठेवा.

मग गाणी डाउनलोड करा. मनसोक्त करा, स्पॉटिफाय हे अॅप एका फोनवर दहा हजार गाणी उतरवू देतं. ती तुमच्या फोनची जागा खातात, तुमच्या डेटावर उतरतात, पण उघडतात फक्त त्या अॅपच्या किल्लीने. ब्लूटूथवरून भावाच्या फोनवर पाठवू म्हणाल तर जात नाहीत, पेनड्राइव्हवर टाकू म्हणाल तर पडत नाहीत. शिवाय ३० दिवसांतून एकदा तरी फोनने इंटरनेटवर जाऊन हजेरी द्यावी लागते, नाहीतर सगळी मुकी होतात. शहरात ही हजेरी कधी लागते ते कळतही नाही. मंडईत कळतं. एरवी अर्ध्या गावाला पुरणारा टॉवर त्या दिवशी पाच गावांचे पाहुणे, आकाशपाळण्यातले व्हिडिओ कॉल आणि फुगेवाल्याचा क्यूआर कोड एवढं सगळं ओढत असतो. अशा मुहूर्तावर तुमचं अॅप लॉगआउट होईल आणि फोनवर आलेला आकडा टाक म्हणेल. आकडा येणार नाही. त्यासाठी तलावाच्या पाळीवर जायचं, हात वर करून उभं राहायचं. चार लोक बघतील. संध्याकाळपर्यंत घरी निरोप पोचेल की शहरातला पोरगा पाळीवर एकटाच उभा राहून कोणाला तरी हातवारे करत होता. तुमच्या लग्नाचा विषय त्याच रात्री निघेल. झालेलं असेल तर बायको विषय काढेल.

परत याल तेव्हा मोठी आई विचारेलच, "गानं काऊन बंद पडलं बाप्पा?"

खरं सांगा.

"पैसे देल्ले ना तू?"

हो म्हणा.

"मंग?"

इथे तिच्याजवळ बसा आणि नीट समजावून सांगा, की आपण गाणं घेतलेलं नाही, गाणं ऐकायची परवानगी घेतली आहे. ती महिन्यापुरती आहे, या फोनपुरती आहे आणि कंपनीला वाटेल तेव्हा ते गाणं यादीतून निघूही शकतं. मोठी आई शांतपणे ऐकून घेईल. जमीन ठेक्याने देण्याघेण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. ती म्हणेल, "ठेक्यानं केली तरी धान तं आपल्या घरी येते ना? तुह्या कंपनीत बांधीई त्याइचीच, धानई त्याइचंच, अन् ठेका तू भरतेस." यावर काही बोलू नका. मोठ्यांना उलट उत्तर देणं बरं दिसत नाही.

त्यापेक्षा जेवणं झाल्यावर सपरीत पडलेल्या जावईबापूंना गाठा. गाणं बंद पडल्यापासून ते मिश्या चावत तुमच्याकडे बघत आहेत. त्यांना इतिहास सांगून बेजार करा. २००२ साली युरोपात विकलेल्या काही सीड्यांवर कॉपी होऊ नये म्हणून कडेच्या भागात खोडी करून ठेवली होती, आणि लोकांनी त्या कडेवर साध्या मार्कर पेनने रेघ ओढून ती निकामी केली. पुढच्या वर्षी अमेरिकेत आणखी एक बंदोबस्त बाजारात आला. सीडी घालताना कीबोर्डची शिफ्ट की दाबून धरली की तो चालूच होत नाही, हे प्रिन्स्टनच्या एका विद्यार्थ्याने लिहून दाखवलं. कंपनीने त्याच्यावर खटला भरण्याची धमकी दिली आणि नंतर मागे घेतली.

पण सगळ्यात चवीने सांगण्यासारखी गोष्ट २००५ ची. सोनी बीएमजी या रेकॉर्ड कंपनीने काही सीड्यांत असा प्रोग्राम घातला, की सीडी संगणकात घातली की तो आत शिरून स्वतःला लपवून घ्यायचा. काढायला गेलात तर सीडी ड्राइव्हच बंद पडायची भीती. आणि लपण्याची त्याची युक्ती इतकी सोयीची होती, की व्हायरस लिहिणाऱ्यांनीही तिच्या आडोशाला बिऱ्हाड मांडलं. मार्क रुसिनोविच नावाच्या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबरला हे उघडकीस आणलं, नोव्हेंबरात सीड्या परत बोलवाव्या लागल्या, पाठोपाठ खटले झाले. आता जावईबापूंना हळूच विचारा, की हा रोग कोणाच्या संगणकाला लागला? ज्यांनी दुकानात जाऊन, पैसे मोजून, पावती घेऊन सीडी आणली त्यांच्या. फुकट उतरवून घेणाऱ्यांचे संगणक ठणठणीत राहिले. हे ऐकून जावईबापूंच्या तोंडावर जे समाधान पसरेल ते तुम्हाला आवडणार नाही, कारण त्यांनी जन्मात एक गाणं विकत घेतलेलं नाही.

मोठे बाबा मध्येच बोलतील. त्यांच्या काळीही कुलूप होतं. कॅसेटच्या कडेला दोन प्लास्टिकचे कान असत, ते मोडले की तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नसे. गरज पडली तर त्या भोकांवर सेलोटेप चिकटवायची, की पुन्हा होई. म्हणजे कुलूपही मालकाकडे आणि किल्लीही मालकाकडे. जुन्या लोकांचा हा मागासपणा त्यांच्या लक्षात आणून द्या. ते तुम्हाला तोच कॅसेटचा खोका काढून दाखवतील, आणि भजन मंडळाची खंजिरी त्यातल्या एका कॅसेटवर अजून वाजते हेही. त्या वेळी तिथून उठून पाणी प्यायला जावं.

कुलपांवर कंपन्यांचाच विश्वास किती, हा प्रश्न मात्र टाळा. फेब्रुवारी २००७ मध्ये अॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी उघड पत्र लिहून सांगितलं होतं, की २००६ साली ऑनलाइन विकलेली कुलूपबंद गाणी दोन अब्जांच्या आत भरली आणि त्याच वर्षी कंपन्यांनी स्वतःच्या हाताने विनाकुलूप सीड्यांवर वीस अब्जांहून जास्त विकली. पुढच्या दरवाजाला टाळं आणि मागे परसदार सताड उघडं. २००९ मध्ये अॅपलच्या दुकानातली गाणी कुलूपमुक्त झाली. लोक सुटकेचा श्वास टाकतात तोवर विक्रीच मागे पडली आणि सगळं भाड्यावर आलं. भाड्याच्या वस्तूला कुलूप घातलं तर कोण ओरडणार?

दुकान बंद झालं तर काय, अशी शंका तुम्हाला येईल. काळजी करू नका, दुकानं बंद होतातच. रेसो हे गाण्यांचं अॅप जानेवारी २०२४ च्या अखेरीस भारतातून गेलं, एअरटेलचं विंक त्याच वर्षी आटोपलं. याद्या, डाउनलोड, रात्री जागून लावलेली क्रमवारी, सगळं त्यांच्याबरोबर. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं दुकान काढून गाणी साध्या एमपीथ्रीमध्ये विकली होती. ते दीड वर्षाच्या आतच बंद पडलं. पण तिथून घेतलेली गाणी, फाइल जपून ठेवली असेल तर, आजही वाजतात. असला व्यवहार टिकत नाही तो याचमुळे.

एवढ्यात मंडईच्या टोकाला लग्नघरचा डीजे सुरू होईल. (मंडईत लग्न कसलं म्हणू नका, तुळशीचं झालं की माणसांची रांग लागते आणि डीजेवाला आधीपासून सराव करतो.) भिंतीवरची भांडी हलतील. त्याच्याकडे परवाना मागायला जाऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, धार्मिक विधीत वाजवलेल्या गाण्याला सूट आहे, आणि त्या विधीत लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभही धरलेत. सबंध गावाच्या कानठळ्या बसवणं कायद्यात बसतं. मोठ्या आईला एक गाणं शेवटपर्यंत ऐकवायचं असेल तर मात्र तलावाची पाळ.

रात्री नाटकाला जा. पहाटेपर्यंत चालतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून आलेल्या नाटक कंपनीचे नट ऑर्गन-तबल्यावर स्वतः गातात, आणि मंडपातून 'वन्स मोअर' आला की तेच गाणं पुन्हा म्हणतात. कोणाची मुदत संपली का बघतसुद्धा नाहीत. समोर शेकडो फोन वर झालेले असतात, सकाळी त्यातले तुकडे चंद्रपूरपासून बालाघाटपर्यंत पोचतात, आणि पुढच्या गावचे लोक ते ऐकून त्याच नाटकाचं तिकीट काढतात. सुजाण ग्राहक म्हणून तुम्ही उभं राहून हरकत घ्यायला हवी. सतरंजीवरच्या बाया तुम्हाला खाली बसवतील.

दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणेल, "काकाजी, द्या ना इकडं. पाच मिनिटांत काढून देतो." मोह होईल. आधी कायदा वाचा. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ सांगतं, की हक्कभंग करण्याच्या इराद्याने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडलं तर चालतं. पण तोडायला दुसऱ्याने मदत केली, तर त्या मदतनिसाने तुमचं नाव, पत्ता, ओळख पटण्यापुरता तपशील आणि तोडण्याचं प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवायची. म्हणजे पुतण्याला वही लागणार. त्याच्या दप्तरात गणिताची कोरी सापडेल, सहामाही होऊन गेली तरी ती कोरीच असते. चार रकाने आखून द्या. प्रयोजनाच्या रकान्यात 'मोठ्या आईला पूर्ण गाणं ऐकवणे' असं स्वच्छ अक्षरात लिहा. पत्ता मात्र विचार करून लिहा. फॅमिली प्लॅनमध्ये तुम्ही तलावात राहता.