‘सगळीकडे ६० टक्के’ म्हणजे निष्पक्ष भरती नव्हे

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कॅम्पस भरतीच्या हंगामात एक दावा हमखास फिरतो: ‘दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे ६० टक्के हवेत. मग ऑनलाइन कोडिंग टेस्ट, शेवटी अनुभवी माणसाची मुलाखत. सगळ्यांना नियम एकच, मग अन्याय कुठला?’

पहिली गोष्ट, सगळे ६० टक्के सारखे नसतात. २०१९ला राज्य मंडळाने दहावीच्या भाषा विषयांचे अंतर्गत गुण बंद केले होते, निकाल ७७.१० टक्के लागला. २०२१ला परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन धरून ९९.९५ टक्के मुलं उत्तीर्ण झाली. या दोन बॅचना एकच कटऑफ लावणं म्हणजे दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजणं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांपैकी अनेकांकडे तर बारावीच नसते, आणि काही फॉर्म तो रकाना रिकामा सोडू देत नाहीत.

‘टेस्टला गुण संगणक देतो, त्यात पक्षपात कसला?’ संगणक तटस्थ असेल, पण प्रश्न माणूसच निवडतो. पाठ केलेली कोडी ४५ मिनिटांत सोडवायला लावली की ज्याला क्लासची फी परवडते तो पुढे जातो. कुणी बघत असताना कोड लिहिणं हीसुद्धा वेगळीच परीक्षा आहे. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या २०२०च्या अभ्यासात ४८ विद्यार्थी होते. मुलाखतकार समोर असताना त्यांची कामगिरी निम्म्याहून जास्त घसरली.

त्याऐवजी रोजच्या कामातला तुकडा द्या: तीन-चारशे ओळींचा कोड, त्यात एक बग, म्हणजे चूक, आणि त्या चुकीमुळे फेल होणारी कोडची एक आपोआप तपासणी. भाषा उमेदवाराने निवडावी, डॉक्युमेंटेशन, म्हणजे त्या भाषेची माहितीपुस्तिका, उघडं ठेवावं. आधी टीममधल्या दोघांनी तो सोडवून पाहावा. त्यांना ३० मिनिटं लागली तर उमेदवाराला ९० द्या. वीज किंवा नेट गेलं तर टेस्ट बाद करू नका, उरलेल्या वेळेसह पुन्हा सुरू करता आली पाहिजे.

‘अनुभवी माणसाला पाच मिनिटांत कळतं.’ या पाच मिनिटांत कळतं ते बोलणं, इंग्रजी आणि आत्मविश्वास. मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२मध्ये उमेदवार निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या संशोधनाचा फेरआढावा घेतला. कामगिरीचा अंदाज देण्यात संरचित मुलाखत सगळ्यांत वर आली. संरचित म्हणजे प्रत्येकाला तेच प्रश्न आणि १ ते ४ गुणांचे आधी लिहून ठेवलेले निकष. उदाहरणार्थ, ‘एपीआय (दोन प्रोग्रॅममधला माहिती देण्याघेण्याचा दुवा) उत्तर द्यायला अधूनमधून दहा सेकंद घेतो, कारण कुठून शोधाल?’ ‘सर्व्हर वाढवू’ एवढंच उत्तर आलं तर १. लॉग (सर्व्हरच्या नोंदी) आणि क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) वेळ पाहिला तर ३. एकेक शक्यता मोजून बाद करण्याचा क्रम सांगितला तर ४.

प्रत्येकाने गुण चर्चेआधी नोंदवावेत, नाहीतर सीनियरचं मत ऐकून बाकीचे आपले आकडे बदलतात. प्रत्येक टप्प्यावर मुली, डिप्लोमावाले आणि लहान गावांतल्या कॉलेजांची मुलं किती गळली, याचीही नोंद हवी. एकाच टप्प्यावर एकाच गटाची गळती जास्त दिसली, तर पुढच्या बॅचच्या आधी तो टप्पा बदला.