“मॅडम, तुम्हाला काही झाले तर?”

आज सकाळी पाच वर्षांच्या जुन्या क्लायंटचा निरोप आला. त्यांच्या नव्या सल्लागाराने मी एर्लांग या संगणकभाषेत लिहिलेली सगळी प्रणाली ‘सर्वांना येणाऱ्या’ एखाद्या भाषेत पुन्हा लिहून घ्यावी असे सुचवले आहे, कारण एर्लांग जाणणारी माणसे मिळत नाहीत आणि मी एकटीच काम करते. निरोपाची भाषा सभ्य होती, शेवटी “गैरसमज नसावा” असेही होते. तरीही दिवसभर माझे कामात लक्ष लागलेले नाही.

त्यांच्या मालवाहू गाड्यांमधील यंत्रे दर काही सेकंदांनी आपला ठावठिकाणा कळवतात. एर्लांगमध्ये प्रत्येक गाडीसाठी एक स्वतंत्र, अगदी हलकी प्रोसेस (आपापले काम करणारा छोटा प्रोग्रामच म्हणा) चालते. एखाद्या यंत्राने भलतीच माहिती पाठवली तर तेवढी एकच प्रोसेस कोसळते, तिच्यावर देखरेख करणारी सुपरवायझर प्रोसेस तिला पुन्हा उभी करते आणि बाकीच्या गाड्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी 1986 पासून एरिक्सन या स्वीडिश दूरसंचार कंपनीमध्ये ही भाषा घडवली ती टेलिफोन एक्स्चेंजसाठी, जिथे एक कॉल तुटला म्हणून सगळे एक्स्चेंज बंद पडून चालत नाही. या कामासाठी मी ती निवडली ती हौस म्हणून नव्हे.

आणि “तुम्हाला काही झाले तर?” या प्रश्नाचे उत्तर तर याच क्लायंटला एकदा मिळालेले आहे. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेसाठी मी अकरा दिवस रुग्णालयात होते. तिसऱ्याच दिवशी यंत्रे पुरवणाऱ्यांनी कोणालाही न कळवता काही यंत्रांमधील तारखेची मांडणी बदलली आणि त्या गाड्या नकाशावरून नाहीशा झाल्या. माझा एक मित्र वर्षानुवर्षे जावा या दुसऱ्या संगणकभाषेत काम करतो. एर्लांगची एक ओळही त्याने तोवर लिहिली नव्हती. त्याने मी लिहून ठेवलेली हस्तांतराची वही उघडली, तिच्यातील पायऱ्यांप्रमाणे प्रणाली स्वतःच्या संगणकावर चालवली, खरी माहिती घालून टेस्ट चालवल्या, कोणते फंक्शन अडते आहे ते पाहिले आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्ती सर्व्हरवर चढवली. उरलेल्या गाड्या दिवसभर नकाशावर व्यवस्थित दिसत होत्या. मला हे सारे घरी आल्यावर कळले.

‘सर्वांना येणाऱ्या’ भाषेचा अनुभवही मी घेतला आहे, म्हणून त्या सल्लागाराचा राग येतो. एकदा दुसऱ्याने अर्धवट सोडलेले पीएचपी या सर्रास वापरल्या जाणाऱ्या भाषेतील काम माझ्याकडे आले. पीएचपी येणारे पायलीला पन्नास मिळतात, पण तेथे सर्व्हरचे पासवर्ड कोणाकडे नव्हते, डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, आधीच्या माणसाच्या खासगी खात्यावर होते आणि सर्व्हरवर चालणारा कोड रिपॉझिटरीतील, म्हणजे जपून ठेवलेल्या मूळ प्रतीतील, कोडशी जुळत नव्हता. नेमके काय चालू आहे, एवढे समजायलाच मला तीन आठवडे लागले. माझ्या मित्राला अनोळखी भाषेत एक दिवस पुरला होता! मग क्लायंटला निराधार कोणी केले, भाषेने की माणसाने?

हो, एर्लांगचा कायमस्वरूपी माणूस शोधायला अधिक वेळ लागतो, हे मला मान्य आहे.

एवढे लिहून झाल्यावर जरा शांतपणे विचार केला, तेव्हा माझीही एक चूक दिसली. शंका विचारली की मी नावे सांगू लागते: व्हॉट्सअॅपचा सर्व्हर एर्लांगमध्ये होता आणि 2014 मध्ये फेसबुकने ते सुमारे 1,900 कोटी डॉलरला विकत घेतले, प्रोग्राममधील निरोपांची ने-आण करणारे रॅबिटएमक्यू एर्लांगमध्येच आहे, 1998 साली एरिक्सनच्या एका विभागाने नव्या उत्पादनांत एर्लांग वापरण्यास बंदी घातली, त्याच वर्षी ती सर्वांसाठी खुली झाली आणि आजही जोमात आहे. हे सगळे खरे आहे. पण ज्या माणसाचा रोजचा व्यवहार एका बाईच्या प्रकृतीवर टांगलेला आहे, त्याला व्हॉट्सअॅपच्या गोष्टीने झोप कशी लागावी? माझ्या क्लायंटकडे कोणी एर्लांगचे अभियंते बसवून ठेवलेले नाहीत. मी तेव्हा रुग्णालयात होते हे त्यांना ठाऊक होते. गाड्या परत दिसू लागल्या हेही ठाऊक होते. मधल्या काळात कोणी काय केले, हे मात्र मी त्यांना आजवर नीट सांगितलेच नाही. काम झाले, म्हणून मी विषय मिटवला. त्यांची भीती रास्त आहे आणि ती दूर करणे हे माझ्या कामातच मोडते.

म्हणून दुपारी चिडून लिहिलेले उत्तर पुसून टाकले आणि दुसरे पाठवले. पुढील गुरुवारी मी त्यांच्या कार्यालयात कोरा सर्व्हर घेऊन जाणार आहे. सर्व खाती आणि डोमेन पहिल्यापासून त्यांच्याच नावावर आहेत, ते आधी दाखवेन. मग त्यांच्याकडील कोणीही एक कर्मचारी वही वाचून, बॅकअपमधून सगळी प्रणाली स्वतः उभी करेल. माझा मित्रही येणार आहे; माझ्या गैरहजेरीत मदतीला कोण येईल हे त्यांनी प्रत्यक्ष पाहावे, आणि त्याचा लेखी करारही आता आम्ही तिघे मिळून करणार आहोत. मी खुर्चीवर बसून राहीन, कीबोर्डला हात लावणार नाही. त्या कर्मचाऱ्याला जिथे अडेल, ते पान त्याच रात्री नव्याने लिहीन.