गावात बंदर येतंय? मग एवढं कराच

तुमच्या किनाऱ्यावर बंदर येणार असल्याचं ऐकलं. अभिनंदन! हा योग आम्हा उरणकरांना फार आधी लाभला, म्हणून हा फुकटचा सल्ला.

आधी मनाची समजूत घाला की बंदर तुमच्यासाठी नसतं. मुंबईच्या गोदीत गर्दी मावेना, म्हणून आमच्याकडे न्हावा-शेव्याचं बंदर बांधलं आणि २६ मे १९८९ला ते सुरू झालं. गोदीतली गर्दी हटली की नाही ठाऊक नाही. आमच्या रस्त्यांवर मात्र ती वेळेवर पोचली.

जमीन देताना भाव विचारू नका. १९८४च्या जानेवारीत शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभं राहून आमच्या लोकांनी तो विचारला. १६ आणि १७ तारखेला पोलिसांनी गोळीबारानं उत्तर दिलं, पाच जण गेले. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं ठरलं. इथे घाई नको. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांच्या हाती त्या जमिनीची इरादापत्रं पडली ऑगस्ट २०१४मध्ये, तीही थेट पंतप्रधानांच्या हस्ते. तोवर आजोबांच्या नावाचा सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. आजोबा नाही जपता आले तरी चालेल.

घर हलवायला सांगितलं तर मुकाट हलवा. शेवा कोळीवाडा असाच उठला आणि हनुमान कोळीवाडा म्हणून वसला. नव्या जागेत वाळवी निघाली. चौकटी, वासे, कपाटातले कागद, सगळं पोखरलं. दरवाजा ढकलावा तर कडी हातात यायची. कोळ्यांनी तक्रारी केल्या, मग होड्या घेऊन जहाजांच्या वाटेत उभे राहिले. इतकी चिडचिड बरी नव्हे. वाळवीही शेवटी स्थानिकच की.

नोकरी हवी? प्रकल्पग्रस्ताचा दाखला काढा, पण कुणाला दाखवायचा ते आधी विचारा. १९९९पासून एकेक टर्मिनल खासगी कंपन्यांकडे गेलं. दुबई, डेन्मार्क, सिंगापूर, सगळ्यांची सोय झाली. २०२२मध्ये बंदरानं स्वतःकडचं शेवटचं टर्मिनलही दिलं आणि आता ते फक्त जागामालक उरलंय. जागा आधी कुणाची होती, असले कुजके प्रश्न काढू नका. २०२४-२५मध्ये इथून वीस फुटी मापानं त्र्याहत्तर लाखांच्या आसपास कंटेनर गेले-आले. त्यांतले निम्मे आमच्या दारावरून ट्रेलरवर गेले असावेत, असा आपला घरगुती अंदाज.

पालघर जिल्ह्यातले वाढवणकर, तुम्ही तर नशीबवान. तुमचं बंदर ७६,२२० कोटींचं, त्यातला ७४ टक्के वाटा याच न्हावा-शेव्याच्या प्राधिकरणाचा. माणसं अनुभवी आहेत. शिवाय भराव समुद्रात पडणार, म्हणजे सातबाऱ्याची कटकटच नको. समुद्राचा सातबारा कुणाच्या आजोबांकडे असतो? जाळं कुठे टाकायचं तेवढं लेखी मागून घ्या, आणि तो कागद लाकडी कपाटात ठेवू नका.