एक्झॉस्टच्या स्टडच्या कामाबाबत आपल्या अभिप्रायाला उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

"दोन तासांच्या कामाला चार दिवस लावले, स्टड स्वतःच तोडले आणि वर त्याचेच पैसे घेतले," असे लिहून आपण आमच्या गॅरेजला एकच तारा दिला आहे. शनिवारी दुपारी गाडी ठेवून घेताना मी "सोमवारी संध्याकाळी घेऊन जा" असे बोलून गेलो आणि सोमवारी उशीर होणार हे दिसत असूनही आपल्याला फोन केला नाही. ही माझी चूक आहे, क्षमा असावी.

मात्र "दोन तासांचे काम" हे शब्द मनाला लागले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपली मारुती ८०० ही २००१ सालची आहे. तिच्या इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचे आणि त्यात बसवलेले एक्झॉस्टचे स्टड, म्हणजे धुराची नळी इंजिनाला जखडणारे बिनडोक्याचे बोल्ट, पोलादी, आणि इतकी वर्षे तापून थंड होत आल्याने नट, स्टड आणि हेडमधले आटे गंजाने एकजीव झाले होते. शिवाय कडेच्या एका नटाचे कोपरे गाडी आमच्याकडे येण्यापूर्वीच गोल झालेले होते. घरी पान्याला पाइप लावून जोर केला होता, हे आपणच मला सांगितले होते. अभिप्रायात नेमके तेवढेच राहून गेले.

शनिवारी तेल सोडून नट भिजत ठेवले. रविवारी गॅरेज बंद असते, तो दिवसही आपण चारांत धरला आहे. सोमवारी बाकीचे नट सुटले, पण दोन स्टड तुटले. एकाच्या बाहेर राहिलेल्या टोकावर नट वेल्ड करून, भोवतालचे हेड गॅसच्या ज्योतीने तापवून तो अर्ध्या तासात फिरवून काढला, कारण अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते आणि पकड सैल होते. दुसरा मात्र हेडच्या पातळीवरच तुटला होता. तो काढण्याची घाई केली असती तर ड्रिल कठीण पोलादावरून घसरून मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरले असते आणि आपल्याला हेडचाच खर्च आला असता. म्हणून मधोमध पंच मारून आधी ३ मिलिमीटरचे, मग टप्प्याटप्प्याने मोठे छिद्र पाडले आणि आट्यांत उरलेले पोलादाचे पातळ तुकडे टोच्याने एकेक करून उचलले. नागपूरच्या मे महिन्यात, टिनाच्या शेडखाली, हे काम माझ्या कारागिराने मंगळवारी जवळपास दिवसभर केले. हेडचे मूळ आटे शाबूत राहिले, हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवावे लागले नाही. बुधवारी सकाळी गाडी आपल्या ताब्यात दिली.

पैशांबद्दल एवढेच, की नवे स्टड, नट, गॅस्केट आणि एका दिवसाची मजुरी याखेरीज बिलात काही नाही. तुटलेला स्टड काढण्याची मजुरी घेतली हे खरे, आणि ती मला योग्य वाटते. आपण कारागिरासमोर चढ्या आवाजात बोलला नसतात तर बरे झाले असते, पण तो विषय मी वाढवत नाही.

यापुढे जुन्या गाड्यांच्या बाबतीत वेळ सांगताना आम्ही अधिक काळजी घेऊ. दोन्ही तुटके स्टड डबीत जपून ठेवले आहेत, येऊन अवश्य पाहावेत. येताना गाडी सकाळी आणून ठेवावी, म्हणजे इंजिन थंड झाल्यावर नवे नट एकदा पुन्हा कसून देता येतील. त्याचे पैसे नाहीत.