‘खालच्या स्टेपनीला हात लावू नका’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. इनोव्हा, अर्टिगा, स्कॉर्पिओसारख्या ज्या गाड्यांची स्टेपनी डिक्कीत नसून मागच्या बाजूला पोटाखाली टांगलेली असते, त्यांच्या मालकांसाठी तो आहे. त्याचा सारांश असा: ही कंपनी फिटिंग आहे, उगाच काढू नका, काढली की ढिली पडते, खाली असल्यामुळे चोरीची भीती नाही, वापरलेली नाही म्हणजे टायर नवाच आहे, अधूनमधून जुनं ऑइल मारा, पंक्चर झालंच तर स्टेपनी लावा आणि पंक्चर चाक परत तिथेच टांगा, आणि हल्ली टायर ट्यूबलेस असल्यामुळे स्टेपनीची तशी गरजच उरलेली नाही. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा पाळण्यासारखा नाही. दोन तर धोक्याचे आहेत.

‘कंपनी फिटिंग आहे, काढली की ढिली पडते.’

आधी ती स्टेपनी कशावर लटकते ते बघू. बहुतेक गाड्यांत चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, एक छोटी विंच (केबल गुंडाळणारी चरखी) असते. तिच्यातून केबल किंवा साखळी खाली येते आणि तिच्या टोकाला एक प्लेट असते. ती प्लेट रिमच्या मधल्या भोकातून तिरकी आत घालून आडवी केली की चाक तिच्यावर बसतं. डिक्कीतल्या किंवा मागच्या बंपरजवळच्या भोकातून जॅकचा लांब रॉड घालून विंच फिरवली की चाक वर जातं आणि चेसिसच्या आधारांना दाबून बसतं. काही गाड्यांत विंचऐवजी जाळीचा पिंजरा आणि एक लांब बोल्ट असतो, पण तत्त्व तेच.

हे सगळं उघड्यावर आहे. मागच्या चाकांनी उडवलेला चिखल, खडी, पाणी थेट तिथे जातं. रिमची खोलगट बाजू वर असेल तर तिच्यात चिखल साचतो, त्यात पाणी धरून राहतं आणि प्लेट व केबलचं टोक महिनोन्‌महिने त्या ओल्या चिखलात असतं. केबल गंजायला सुरुवात होते ती इथून. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही, कारण केबलचा उघडा भाग चाकाआड असतो.

कंपनी फिटिंग म्हणजे कायमची फिटिंग, असा समज असलेल्यांसाठी एक घटना पुरेशी आहे. २०१० च्या एप्रिलमध्ये टोयोटाने अमेरिकेत सिएना या मिनीव्हॅनच्या १९९८ ते २०१० या मॉडेलांच्या सुमारे सहा लाख गाड्या परत बोलावल्या. कारण नेमकं हेच होतं: थंड राज्यांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाने स्टेपनीची केबल गंजून चाक रस्त्यावर पडण्याचा धोका होता. आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकत नाहीत, पण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला काही वेगळं वागवत नाही. वीस ते तीस किलोचं चाक ऐंशीच्या वेगात सुटलं तर तुम्हाला आरशात कदाचित दिसणारही नाही. मागच्या दुचाकीवाल्याचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

‘ढिली पडते’ हे मात्र अर्धं खरं आहे. काढली म्हणून पडत नाही, नीट आवळली नाही म्हणून पडते. बऱ्याच विंचना आत क्लच असतो. चाक पूर्ण वर गेलं की रॉड फिरतो, ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि केबल पुढे ओढली जात नाही. असे दोन आवाज ऐकेपर्यंत आवळायचं. क्लच नसेल तर हाताला पूर्ण घट्ट लागेपर्यंत. मग खाली वाकून चाक दोन्ही हातांनी ढकलून बघायचं. किंचितही हललं तर प्लेट रिममध्ये तिरकी बसली आहे किंवा मध्ये चिखलाचं ढेकूळ अडकलं आहे. चाक खाली घ्या, साफ करा, पुन्हा चढवा. सैल चाक प्रत्येक खड्ड्यात केबलला झटका देतं आणि केबल त्याच एका जागी तुटत जाते.

आणखी एक: टायरवाल्याच्या हातातली हवेची गन या विंचवर अजिबात चालवू देऊ नका. चाकाच्या नटांसाठी ती ठीक आहे. विंचचं गिअर नाजूक असतं, गनच्या एका झटक्यात दाते जातात, आणि ते गेल्याचं कळतं पुढच्या पंक्चरला.

दर सर्व्हिसिंगला आणि शिवाय पावसाळा संपल्यावर एकदा, सपाट जागी, घरासमोर हे करा. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवा, डिक्की रिकामी करा. गाडीसोबत आलेल्या टूलकिटमधले रॉडचे तुकडे जोडा (हे तुकडे आहेत का, तेही तेव्हाच कळतं; सेकंडहँड गाडीत बऱ्याचदा नसतात). रॉड विंचच्या तोंडात बसला की डावीकडे फिरवा. चाक जमिनीला टेकल्यावर अजून थोडी केबल सोडा, चाक मागून ओढून घ्या, प्लेट तिरकी करून रिममधून काढा. आता केबल पूर्ण सोडून तिची संपूर्ण लांबी तारेच्या ब्रशने घासून पाहा. एखादी जरी तार तुटून वर आलेली असली, केबल पिळली असली किंवा बोटांना खरखरीत गंज लागत असला तर विंचच बदलायची. केबलला गाठ मारून, बाइंडिंग वायर गुंडाळून किंवा दोरीने बांधून गाडी दामटणाऱ्या गॅरेजवाल्याला नम्रपणे नाही म्हणा.

विंच फिरतच नसेल तर तोंडात गंज सोडवणारा स्प्रे मारून वीस मिनिटं थांबा. मग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवा. जोर लावून एकाच दिशेला पिळलं तर रॉड बसायचं चौकोनी तोंड गोल होतं आणि पुढचं काम केबल कापण्याचंच उरतं. ते गॅरेजमध्येच व्हावं, आणि तेही चाकाखाली जॅक लावून. काही गाड्यांत, उदाहरणार्थ जनरल मोटर्सच्या अमेरिकी पिकअपमध्ये, केबल तुटली तरी चाक पडू नये म्हणून दुसरी कडी असते. केबल सैल झाली पण चाक खाली येत नाही, असं दिसलं तर चाक पुन्हा पूर्ण वर आवळून परत सोडायचं, म्हणजे ती कडी सुटते. अशा वेळी गाडीखाली डोकं घालून चाकाला हाताने ओढायचं नाही. अडकलेलं चाक अचानक सुटतं.

‘खाली असल्यामुळे चोरीची भीती नाही.’

उलट आहे. डिक्कीतली स्टेपनी न्यायला काच फोडावी लागते, अलार्म वाजतो. खालची न्यायला चोराला गाडी उघडावीच लागत नाही. केबल कापायला मोठं कटर पुरतं. सोसायटीबाहेर रस्त्यावर रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा धोका जास्त. रिमच्या भोकातून चेसिसला बांधलेली जाड साखळी आणि कुलूप, किंवा त्या मॉडेलसाठी मिळणारं स्टेपनी लॉक, हे दोन्ही चालतात. पण दोन अटी आहेत. साखळी लोंबकळता कामा नये. आणि कुलूपही त्याच चिखलात आहे, तेव्हा त्याच्या तोंडाला रबरी झाकण हवं आणि वर्षातून दोनदा ते उघडून बघायला हवं. गंजलेल्या कुलपाने चोराआधी तुम्हीच अडता. चावी गाडीतच ठेवा, घरच्या ड्रॉवरमध्ये नाही.

‘वापरली नाही म्हणजे नवीच.’

टायरच्या कडेवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर रस्त्यावर झिजतं तसं हवेत, उष्णतेतही कडक होत जातं, चाललं काय आणि टांगलं काय. अनेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि फार तर दहा वर्षांनी, दिसायला चांगला असला तरी, टायर बदलायला सांगतात. त्यात स्टेपनीही धरलेली असते.

हवेचा हिशेब आणखी सोपा आहे. सुस्थितीतला टायरही महिन्याला साधारण एक ते दोन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा सोडतो. ३५ भरलेली स्टेपनी वर्षभर कुणी बघितली नाही तर ती २३ वर आलेली असू शकते, किंवा ११ वर. स्टीलच्या रिमची कड गंजली तर त्याहून लवकर. हवा भरताना पंपावरचा पोरगा चारच चाकं बघतो, आणि आपणही त्याला पाचवं आहे हे सांगत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी जो जास्तीचा आकडा असतो, तेवढी हवा स्टेपनीत ठेवा. वापरताना कमी करता येते, वाढवता येत नाही. व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नसेल तर चाक खाली घेण्यावाचून इलाज नाही. वर सांगितलेली तपासणी त्यासाठीही हवी.

‘जुनं ऑइल मारत राहा.’

इंजिनचं जुनं ऑइल आणि डिझेल दोन्ही रबर फुगवतात आणि मऊ करतात. शिवाय त्यावर धूळ चिकटून जो लेप तयार होतो तो ओल धरतो. घासून कोरड्या केलेल्या केबलवर आणि प्लेटवर ग्रीसचा पातळ हात पुरेसा. टायरला काहीच लावायचं नाही, पाण्याने धुवायचा.

‘पंक्चर चाक परत तिथेच टांगा.’

इथे मेसेजवाल्याने रस्त्यावरचं चित्र डोळ्यासमोर आणलेलं नाही. मागच्या चाकातली हवा गेली की गाडीचा मागचा भाग खाली येतो आणि स्टेपनी बंपरखालून निघतच नाही. मागे बंपर गार्ड किंवा टो हूक (गाडी ओढायचा आकडा) लावला असेल तर त्याहून कठीण. म्हणून क्रम असा: आधी स्टेपनी सोडायची, मग जॅक. स्टेपनी टेकूनही निघत नसेल तर ठरलेल्या जागी जॅक लावून गाडी गरजेपुरती उचला आणि चाक पान्याच्या आकड्याने ओढा. हात किंवा खांदा गाडीखाली जाऊ देऊ नका. चाक बदलेपर्यंत स्टेपनी जॅकजवळ गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक घसरला तर गाडी तिच्यावर टेकेल.

आता पंक्चर चाकाबद्दल. टांगलेलं चाक घट्ट बसतं ते हवेने फुगलेल्या टायरच्या कडा चेसिसला दाबून. हवा नसलेला टायर तसा दाब देत नाही, तो दबतो आणि मग सैल होतो. रस्त्यावरची चाकं अलॉयची आणि स्टेपनी स्टीलची असेल तर अलॉयच्या मधल्या भोकात प्लेट नीट बसेल याचीही खात्री नाही. ज्या गाड्यांत स्टेपनी मुळातच लहान मापाची दिलेली असते तिथे मोठं चाक त्या जागेत मावतच नाही. पंक्चर चाक डिक्कीत टाका, सामान सीटवर घ्या. टांगण्यावाचून गत्यंतरच नसेल तर व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला हवा ते मॅन्युअलमध्ये बघा, आणि दहा-वीस किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा. लहान मापाच्या स्टेपनीवर ताशी ८० किमीचा स्टिकर असेल तर तो वेग ओलांडायचा नाही.

एक्स्प्रेसवेवर रात्री, उजव्या बाजूचं चाक गेलं असेल तर मात्र यातलं काहीही स्वतः करू नका. धोक्याचे दिवे लावून माणसं कठड्यापलीकडे न्या आणि मदत बोलवा.

‘ट्यूबलेसमुळे स्टेपनीची गरज उरली नाही.’

हा समज बहुधा २०२० च्या जुलैतल्या नियमबदलातून आला असावा. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल, असं तो नियम सांगतो. या तिन्हींपैकी एकही गोष्ट गाडीत कमी असेल तर ही सवलत तुम्हाला लागूच नाही. आणि किट खिळ्याच्या भोकावर चालतं. घाटातल्या खड्ड्याच्या धारेवर टायरची बाजू चिरली किंवा रिम वाकला तर त्यातली ना पट्टी टिकते ना लिक्विड. शेवटची सूचना: बाहेरून सीएनजी बसवून घेत असाल तर टाकी डिक्कीतल्या विंचच्या भोकावर येणार नाही, एवढं फिटरला आधीच दाखवून ठेवा. नंतर ती हलवायला तो तयार होत नाही.